अंगठीची नोंद

एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यात लॉस एंजलिसमध्ये मान वळवाल तिकडे ते पोस्टर होतं. काळ्या कोटातला नवरा, चंदेरी झग्यातली बायको, दोघांच्या मध्ये चादरीखाली झाकलेलं प्रेत आणि वर तिरक्या अक्षरांत सिनेमाचं नाव, ‘डार्लिंग, प्रेत कुठं ठेवलंस?’ खाली आणखी एक ओळ होती: ‘एकत्र राहतात, एकत्र भांडतात, एकत्र खुनी पकडतात!’ लोक भर उन्हात रांगा लावत होते. नवरा-बायकोनं जोडीनं गुप्तहेरी करायची ही कल्पना सगळ्यांना भारीच गोड वाटत होती.

ते पोस्टर दिसलं की व्हर्ना लिंडक्विस्टच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि का जाऊ नये? ज्या स्टुडिओनं हे ‘एकत्र, एकत्र’ गावभर चिकटवलं होतं, त्याच स्टुडिओच्या फाटकात, हजेरीच्या घड्याळाशेजारी, मंदी सुरू झाल्यापासून एक टाईप केलेला कागद लावलेला होता. एका घरात एकच पगार. नवरा-बायको दोघंही इथे कामाला असतील, तर बायकोनं घरी जायचं. बायकोनंच का, हे कागदावर नव्हतं. तसं विचारायची पद्धतही नव्हती.

सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं तेव्हा व्हर्ना त्या स्टुडिओत नऊ वर्षं कामाला होती आणि तीन वर्षं विवाहित होती. पैकी दुसरी गोष्ट तिथे कुणाला ठाऊक नव्हती.

तिचं काम कंटिन्युइटीचं. सिनेमा काही सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ रेषेत काढत नाहीत. आज नायिका चमचाभर सूप तोंडाशी नेते आणि तो चमचा तोंडात जातो तीन आठवड्यांनी, दुसऱ्या सेटवर. मधल्या काळात चमचा कुठल्या हातात होता, सूप किती उरलं होतं, कोटाचं कुठलं बटण उघडं होतं, सिगारेट किती जळली होती, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात आणि वहीत असावं लागतं. ते माणूस म्हणजे व्हर्ना. कॅमेऱ्याला खेटून तिची घडीची खुर्ची असे, केसांत खोचलेल्या तीन पेन्सिली, गळ्यात थांबघड्याळ. रोजच्या कामाचा अहवाल ती रोज टाईप करी, कार्बन घालून चार प्रती: दिग्दर्शकाला, संकलकाला, सामानवाल्याला आणि ऑफिसला. ऑफिसातली प्रत कुणी वाचत नसे. ती थेट कपाटात जाई.

तिचे वडील नेब्रास्कात धान्याच्या कोठारावर वजनं घ्यायचे. ‘काट्यावर दिसलं ते लिहायचं, मनाला वाटलं ते नाही,’ एवढंच त्यांनी मुलीला शिकवलं, पण ते असं हाडीमाशी खिळवलं की व्हर्नाला तोंडानं खोटं बोलता येई आणि हातानं येत नसे. एखाद्या नटाची मिशी दुपारनंतर घामानं अर्धं बोट खाली आली, तर ती तसं लिहून मोकळी होई. नट चिडत. दिग्दर्शक हारग्रेव्ह मात्र तिच्याशिवाय कॅमेरा सुरू करू देत नसे. हा बुटका, तापट माणूस कामाला वाघ होता आणि सेटवर सगळ्यांना अरे-तुरे करायचा. “लिंडक्विस्टला विचार,” हे त्याचं पालुपद. ती खुर्ची व्हर्नाला जिवापाड प्रिय होती. सिनेमाच्या शेवटी पडद्यावर तिचं नाव येत नसे, त्याचंही तिला काही वाटत नसे. सिनेमात चूक दिसली नाही की तेच आपलं नाव, असं ती म्हणायची.

नवरा होता तिच्या डोक्यावर. म्हणजे शब्दशः. एमेट कॉब सेटच्या छताखालच्या लाकडी पुलावर, तीस फूट उंच, मोठाले दिवे सांभाळायचा. एकदा त्याच्या दिव्याची ठिणगी तिच्या वहीवर पडली आणि पानाला भोक पडलं. तो माफी मागायला खाली उतरला. तिनं त्याच्यासमोरच लिहिलं: ‘पान बारा, भोक एक, कारण कॉब.’ कॅलिफोर्नियात लग्नाच्या कागदांना तीन दिवस थांबावं लागे आणि सुट्टी फक्त रविवारची, म्हणून दोघं रातोरात गाडी हाकत ॲरिझोनातल्या युमाला गेले आणि लग्न लावून सोमवारी कामावर हजर झाले. अंगठीत आतल्या बाजूनं नावं, गाव आणि तारीख एमेटनं आधीच कोरून घेतली होती.

“आणि मी नाही म्हटलं असतं तर?” तिनं विचारलं होतं.

“तर दुसरी व्हर्ना शोधावी लागली असती. सोन्यावरचं खोडायला फार त्रास.”

अंगठी साखळीत ओवून ब्लाऊजच्या आत, गळ्यात राहिली. सेटवर दोघं एकमेकांशी असं बोलत की ऐकणाऱ्याला थंडी वाजावी.

“मिस लिंडक्विस्ट, माझ्या दिव्याचा आपल्याला त्रास तर होत नाही ना?”

“मुळीच नाही, मिस्टर कॉब. आभारी आहे.”

संध्याकाळी ती लाल ट्राममध्ये बसे, तिसऱ्या थांब्यावर उतरे आणि कोपऱ्यावरच्या खटाऱ्यात शिरे. तिथून पुढे मात्र, “हलव की गाडी, मेल्या, भुकेनं जीव चाललाय!” असं सुरू व्हायचं. चोरी नाही, मारामारी नाही, केलं काय तर लग्न, आणि लपाछपी फरारी गुन्हेगारासारखी.

‘डार्लिंग’ सुरू झाला तेव्हा तर विनोदाची परिसीमा झाली. तीन लेखक, तिघेही घटस्फोटित, नवरा-बायकोचे संवाद लिहीत बसत. नायिका होती कोरीन व्हेल. तिची तीन लग्नं मोडली होती. नवरा पहाटे घरी येतो असा प्रसंग होता आणि बायकोनं दारात विचारायचं, “कुठं होतास तू?”

“असं नाही विचारणार ती,” व्हर्ना पेन्सिल चावत पुटपुटली. “आधी त्याच्या बुटांकडे बघेल. चिखल कुठला आहे ते बघेल. मग म्हणेल, अंडी एक खाणार की दोन?”

लेखक खो-खो हसले. “मिस लिंडक्विस्टना काय ठाऊक संसारातलं! तुम्ही आपल्या पेन्सिली मोजा, बाई.”

कोरीन हसली नाही. ती व्हर्नाकडे बघत राहिली आणि टेकमध्ये तिनं आधी बुटांकडे पाहिलं. सेटवर हशा उसळला. वरच्या पुलावरून कुणीतरी मोठ्यानं खोकलं. त्याच दिवशी शयनगृहाचा सेट लागला, तर तिथे दोन वेगळे पलंग, मध्ये टेबल. पडद्यावर काय दाखवायचं याचा नियमच तसा आला होता. म्हणजे पडद्यावरच्या नवरा-बायकोनं एका पलंगावर झोपायचं नाही आणि खऱ्या नवरा-बायकोनं एका फाटकातून आत यायचं नाही. लग्नाचं एवढं भय घेतलेली माणसं लग्नावर सिनेमे काढून पोट भरत होती.

मग आला अंगठीचा दिवस. जेवणाच्या लांबलचक टेबलाभोवती सगळे संशयित बसलेत, नवरा एकेकाला फैलावर घेतोय आणि खुनी कोण ते बायकोच्या लक्षात आलंय. तिनं बोटातली अंगठी काढून टेबलावर भोवऱ्यासारखी फिरवायची. अंगठी फिरत फिरत ज्याच्या पुढ्यात पडेल, तो खुनी. कॅमेरा अंगठीच्या नाकाशी. सामानवाल्यानं पितळेची अंगठी आणली होती. कोरीननं ती फिरवली आणि आवाजाची तपासणी करणारा माणूस कानावरची यंत्रं काढून ओरडला, “ही अंगठी आहे की सोड्याच्या बाटलीचं बूच?”

दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही तेच. हारग्रेव्हनं टोपी जमिनीवर आपटली. “सोन्याची आणा! एवढी माणसं इथे, एकाच्याही बोटात सोनं नाही?”

केस बांधणाऱ्या बाईची अंगठी बोटात रुतून बसली होती, साबण लावूनही निघेना. कोरीन म्हणाली, “माझ्या तीन होत्या. तिन्ही त्या-त्या वेळी फेकून मारल्या.” गावात माणूस पाठवायचा तर दुपार गेलीच. शंभरेक माणसं दिव्यांच्या भट्टीत बसून वितळत होती, सुपावर साय धरत होती, आणि ते सूप किती उरलंय याची नोंद व्हर्नाच्या वहीत दर वेळी खाली-वर होत होती. तिला ते बघवेना. काम अडलेलं तिला कधीच बघवत नसे.

“माझ्याकडे आहे एक,” ती म्हणाली आणि ब्लाऊजच्या गळ्यातून साखळी ओढली. “आईची.”

वरून एक पाना खणकन खाली पडला. नशीब, टेबलापासून लांब.

“कॉब!” हारग्रेव्ह गरजला. “झोपलास का वर?”

“हात निसटला, साहेब,” वरून आवाज आला. तो जरा चिरकाच होता.

व्हर्नाची अंगठी फिरली. तिचा नाद असा सुरेख घुमला की आवाजवाल्यानं डोळे मिटून घेतले. चौथा टेक पसंत पडला. अंगठी परत गळ्यात गेली आणि टेबलाभोवती टाळ्या पडल्या.

दुपारी व्हर्ना नेहमीप्रमाणे टंकलेखन यंत्रापुढे बसली. हातानं नेहमीचं काम केलं. क्लोजअप, टेक चार. अंगठी सोन्याची, गोल, कडेला दाण्यांची नक्षी, एक दाणा झिजलेला. फिरताना आतली बाजू दिसते. आत कोरलेलं: व्हर्ना–एमेट, युमा, १० मे १९३१. चार प्रती. सही. टोपलीत.

आपण काय लिहिलं ते तिला कळलं चार वाजता, सिगारेटची लांबी बघता बघता. तोवर टोपली रिकामी झाली होती.

तिसऱ्या थांब्यावर गाडीत बसल्या बसल्या तिनं सांगितलं, तेव्हा एमेटनं गाडी कडेला घेतली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

“अगं बाई, खुनी पळून जातो. तू तर पत्ता लिहून, वर सही करून, चार प्रती काढून दिल्यास!”

“हसतोस काय! माझी खुर्ची जाईल, एमेट. माझी खुर्ची!”

तो हसायचा थांबला. “कागद परत आण. टायपिंगची चूक झाली म्हण. कोण वाचतंय?”

दुसऱ्या दिवशी तिनं तेच केलं. हारग्रेव्हनं प्रत न बघताच दिली, संकलकानं दिली, सामानवाल्यानंही दिली. तिघांनाही नवा कागद देईन म्हणाली. तिन्ही प्रती तिनं खणात ठेवल्या. सेट उठल्यावर तिथेच दुसरा कागद टाईप करायला बसली, ‘अंगठी साधी’ एवढंच लिहायचं होतं. पण बोटं यंत्रावरच अडली. साधी नव्हती ती. नवा कागद राहूनच गेला. ऑफिसातल्या प्रतीबद्दल तिथला कारकून म्हणाला, “कपाटात गेलेला कागद बाहेर येत नसतो, मिस. आणि काळजी कसली? ते कपाट आजवर कुणी वाचलंय?” नऊ वर्षं ज्या गोष्टीचा तिला मनातून राग होता, तिच्यासाठीच ती आता देवाची प्रार्थना करू लागली.

पाच आठवडे निभावलं. मग सिनेमा शहराबाहेरच्या एका थिएटरात गुपचूप लोकांना दाखवला आणि लोक त्या फिरत्या अंगठीवर फिदा झाले. वरून हुकूम आला: शेवटी आणखी एक शॉट हवा. खुनी पकडला गेल्यावर नवरा ती अंगठी टेबलावर एकदा फिरवतो, उचलतो आणि बायकोच्या बोटात घालतो. सेट पुन्हा लागला, टेबल मांडलं, सगळे संशयित पुन्हा जमले. अंगठी व्हर्नाची हे ठाऊक होतं, पण पहिल्या शॉटमध्ये ती टेबलावर नेमकी कशी पडली होती बरं? सामानवाल्यानं आपला कागद शोधला. कागद नव्हता, व्हर्नानं नेलेला. म्हणून तो बापडा गेला ऑफिसात त्यांची प्रत मागायला. तिनं मागून घेतला नसता, तर ऑफिसचं कपाट उघडलंच नसतं.

आणि कागद पडला मॅनेजर प्रेंटिसच्या हातात. प्रेंटिस म्हणजे फाटकावरच्या त्या नियमाचा जन्मदाता. नऊ वर्षांत त्यानं व्हर्नाचा एक कागद वाचला, तो हा.

बरं, मॅनेजर आहेस, ऑफिसात बोलाव, दार लाव, काय ते सांग. पण नाही. त्यानं तो सिनेमा पाहिला होता ना! तो सेटवर आला, कोटाच्या खिशात हात घालून टेबलाभोवती फिरला आणि दिव्यांच्या उजेडात, नट-नट्यांच्या देखत म्हणाला, “या जागेत एक बाई आहे, जी तीन वर्षं या स्टुडिओला फसवतेय.”

कुणाला वाटलं तालीम चाललीय. दोघं-तिघं हसलेही. प्रेंटिसला ते हसणं आवडलं. त्यानं खिशातून कागद काढला आणि झिजलेल्या दाण्यापासून तारखेपर्यंत सावकाश वाचला.

“व्हर्ना नावाची बाई इथे एकच आहे. आणि एमेट नावाचा माणूस,” त्यानं बोट वर केलं, “तो तिथे!”

पुलावर एमेट दिव्याचा दांडा धरून उभा होता. दिवे तेवढे गुरगुरत होते.

“आईची अंगठी, नाही का?” प्रेंटिस म्हणाला.

“माझी आहे,” व्हर्ना म्हणाली. “आणि कागदही माझाच आहे. त्यात एक अक्षर खोटं असेल तर दाखवा.”

“नियम तुम्हाला ठाऊक होता.”

“ठाऊक होता. तुमच्या कामात नऊ वर्षांत माझी एक चूक काढून दाखवा, मग नियम सांगा! हे लेखक तुमचे, ज्यांना बायको म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांनी इथे बसायचं. आणि जिला ठाऊक आहे तिनं घरी जायचं, का तर तिला ठाऊक आहे म्हणून?”

लेखकांनी बुटांकडे पाहिलं. हारग्रेव्ह काहीतरी बोलायला पुढे झाला, प्रेंटिसनं त्याला हातानंच थांबवलं. दिग्दर्शक वाघ, पण सेटपुरता. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. एवढंच केलं त्यानं.

“आजचा दिवस शेवटचा,” प्रेंटिस म्हणाला. “मिस्टर कॉब राहू शकतात, नियमाप्रमाणे. आणि हो, जाण्याआधी ती अंगठी सामानवाल्याकडे द्या. शॉटला लागेल. उद्या टपालानं परत पाठवू.”

ऐकलंत? बायको नको, बायकोची अंगठी हवी. व्हर्नानं क्षणभर त्याच्याकडे नुसतं पाहिलं. माणूस इतका कसा कोडगा असू शकतो, याचीही जणू तिनं मनात नोंद केली. मग साखळी काढली, अंगठी सोडवली आणि सगळ्यांच्या देखत, तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या फाटकाच्या आत, आपल्या बोटात घातली.

“लग्न चालत नाही ना तुमच्याकडे?” ती म्हणाली. “मग ही कशी चालेल?”

तिनं पेन्सिली केसांतून काढून पर्समध्ये ठेवल्या. थांबघड्याळ स्टुडिओचं होतं, ते खुर्चीवर ठेवलं. कोरीन व्हेल एकटी उठून उभी राहिली. एमेट शिडीवरून दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आला होता.

“मीही चाललो.”

“तू वर जा.”

“व्हर्ना—”

“घरभाडं प्रेंटिस भरणार आहे का? वर जा म्हणते ना! दिवा सोडून आलास, तो तापतोय.”

तो वर गेला. भर सेटवर बायकोनं नवऱ्याला झापलं आणि तो ऐकून गेला, हे त्या सिनेमातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा खरं होतं. पण त्यावर कुणी हसलं नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, दुपारच्या खेळाला, दोघं ‘डार्लिंग’ बघायला गेले. जायला नको, असं एमेट म्हणत होता. थिएटर ठासून भरलं होतं. बायकोनं बुटांकडे पाहिलं, लोक हसले. अंगठी फिरली आणि तिचा तो नाद हॉलभर घुमला. शेजारची एक जाडजूड बाई नवऱ्याला कोपरानं ढोसत म्हणाली, “बघा, शिका जरा! कसे जोडीनं काम करतात!”

मग शेवटचा शॉट आला. नवऱ्यानं अंगठी फिरवली. बद्द. सोड्याच्या बाटलीचं बूच. कडेला नक्षी नाही, दाणे नाहीत, काही नाही.

“ही दुसरी आहे!” व्हर्ना ताडकन उठून ओरडली. “ही ती अंगठी नव्हे!”

“खाली बसा हो बाई!” मागून आवाज आला. “शेवट बघू द्या ना!” नायकानं ते पितळ नायिकेच्या बोटात घातलं आणि पाचशे माणसांनी टाळ्या पिटल्या. एकालाही कळलं नाही. नऊ वर्षं डोळ्यांत तेल घालून जे जपलं, ते गेलं तरी कुणाचं काही अडलं नव्हतं. हे तिला नोकरी गेल्यापेक्षा जास्त लागलं. एमेटनं तिला हाताला धरून खाली बसवलं, तेव्हा ती रडत होती. रागानंच, पण रडत होती.

घरी येऊन तिनं शेजारणीचं यंत्र मागून आणलं. कागद चढवला, कार्बन घातला. ‘शेवटचा शॉट. अंगठी वेगळी. पितळी, साधी. आवाज बद्द. आधीच्या क्लोजअपशी जुळत नाही.’ खाली सही केली: व्हर्ना कॉब. चार प्रती, चारही पत्त्यांवर, टपालानं.

तिघांनी तो कागद कुठे टाकला ते देव जाणे. पण हारग्रेव्हनं वाचला.

ऑक्टोबरात एका रविवारी सकाळी इमारतीच्या जिन्याखालचा फोन वाजला आणि घरमालकिणीनं तिला हाक मारली. व्हर्ना तोवर एका छापखान्यासाठी लग्नपत्रिकांचे मजकूर टाईप करायला लागली होती, घरी बसून, पानामागे मजुरी. नवरा-नवरीची नावं दिवसभर. फोन कानाला लावला तर हारग्रेव्ह.

“लिंडक्विस्ट, तुझा कागद मी भिंतीला लावलाय. तुझ्या जागी जी पोरगी आलीय ती डावा-उजवा हात ओळखत नाही. ‘डार्लिंग’चा दुसरा भाग करतोय. तीच जोडी. मला तू हवी आहेस.”

व्हर्नाच्या डोळ्यांपुढे ती घडीची खुर्ची उभी राहिली, दिव्यांचा उकाडा आला, सुपाचा वासही आला. “आणि प्रेंटिस?” तिनं विचारलं.

“त्याला मी पटवलंय. तो डोळेझाक करेल. फक्त कागदोपत्री तू पुन्हा मिस लिंडक्विस्ट. ती अंगठी घरी ठेवायची, वर बघायचं नाही, झालं. सगळ्यांना ठाऊक असेल, फक्त बोलायचं कुणी नाही. एवढीशी तर गोष्ट आहे.”

हवी होती तिला ती खुर्ची. इतकी हवी होती की ‘हो’ जिभेवर येऊन बसलं होतं. तोंडानं तर तिला खोटं बोलता येतच होतं.

“रोजच्या कागदावर सही कुठली करायची?” तिनं विचारलं.

“सांगितलं ना. मिस लिंडक्विस्ट.”

“साहेब, तुम्ही नवरा-बायकोचा सिनेमा काढताय आणि नोंद ठेवायला बायको हवी, पण ती बायको नाही असं तिनंच लिहून द्यायचं?”

“तू उगाच—”

“तीन वर्षं मी तेवढी एक नोंद चुकीची केली. तेवढी पुरे. कागदावर व्हर्ना कॉब चालत असेल तर उद्या सकाळी सातला येते. नसेल तर नाही.”

हारग्रेव्ह म्हणाला, “विचारून बघतो,” आणि नकार असला की ते कशा आवाजात म्हणतात, ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं फोन ठेवला. हात पाहिला. अंगठी बोटात घट्ट होती.

वर स्वयंपाकघरात एमेट बटाटे परतत होता, अर्धे जळालेले.

“कुणाचा फोन?”

ती खुर्चीत बसली. म्हणाली, “चुकून लागला होता. त्यांना कुणीतरी मिस लिंडक्विस्ट हवी होती.”

एमेटनं मान वळवून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग चूल बंद केली, कढई खाली ठेवली आणि विचारलं, “अंडी एक खाणार की दोन?”